लिफ्टच्या मापाचं विमान

६ फेब्रुवारी २०२३ रोजी आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेच्या डेकवर दोन लढाऊ विमानं उतरली. एक रशियन बनावटीचं मिग-२९के आणि दुसरं बंगळुरूत घडलेलं एलसीए नेव्ही, म्हणजे तेजसचं नौदलासाठीचं रूप. दिवसभर टीव्हीवर तीच दृश्यं फिरत होती. जहाज आपलं, विमान आपलं, वैमानिक आपले. आनंद खोटा नव्हता. पण त्या दोन विमानांपैकी एकही विक्रांतच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं विमान नव्हतं. एलसीए नेव्हीला नौदलाने सहा वर्षांपूर्वीच नकार कळवला होता. उतरलं ते केवळ तंत्र सिद्ध करणारं प्रायोगिक विमान होतं. आणि मिगच्या दुखण्यांना कंटाळून नौदल परदेशात दुसरं विमान शोधत होतं.

म्हणजे वरात दारात आली आणि नवरदेव अजून ठरलेलाच नाही, असा प्रकार. सुमारे २०,००० कोटी रुपये खर्चून बांधलेली, २६२ मीटर लांबीची युद्धनौका २ सप्टेंबर २०२२ ला समारंभाने नौदलात दाखल झाली. त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली, त्यामुळे आपल्याकडे तर त्या दिवसाचं कौतुक जरा जास्तच झालं. पण जहाजाचं मुख्य हत्यार म्हणजे त्याची विमानं. ती कोणती, हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं.

हे कसं झालं, याचा हा अभ्यास आहे. सरकारी दिरंगाई हे नेहमीचं उत्तर इथे अर्धंच लागू पडतं. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ २००४ मधल्या एका करारात आहे आणि त्याचा शेवट जहाजावर विमानं वर-खाली नेणाऱ्या, सुमारे दहा मीटर रुंदीच्या लिफ्टपाशी येऊन अडखळतो. विमानवाहू नौका आणि तिचं विमान या दोन वेगळ्या खरेद्या नसतात. एकाचं माप दुसऱ्याच्या अंगावर कोरलं जातं, आणि आपण ते माप फार लवकर, दुसऱ्याच्या सोयीने घेतलं.

२००४ ची सोयरीक

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नौदलापुढे साधा, अप्रिय हिशेब होता. जुनी विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. मुंबईकरांच्या एका पिढीने ती पुढे संग्रहालय म्हणून पाहिली, शाळेच्या सहलीत तिच्या डेकवर उभं राहून फोटो काढले. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली आणि तिच्या पोलादाचा अंश मोटारसायकलच्या टाकीत येऊन रस्त्यांवर फिरला. मागे उरली विराट, जी ब्रिटिश नौदलात १९५९ पासून राबलेली होती. तिच्यावरची सी हॅरियर लढाऊ विमानं अपघातांनी रोडावत चालली होती. नवं देशी जहाज कागदावर होतं, पण ते पाण्यात उतरेपर्यंत विराट टिकेल का, याची खात्री नव्हती.

त्याच वेळी रशियाकडे अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह नावाचं जहाज धक्क्याला पडून होतं. सौदा असा ठरला की जहाजाचा सांगाडा फुकट, पण त्याची डागडुजी आणि फेरबांधणी पैसे मोजून, आणि सोबत त्यावर उडणारी विमानं विकत. २० जानेवारी २००४ ला करार झाला. फेरबांधणीची किंमत ९७.४ कोटी डॉलर, आणि जोडीला १६ मिग-२९के. फुकटची म्हैस आणि चाऱ्याचं बिल वेगळं, हे आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. फेरबांधणीची किंमत वाढत वाढत २३५ कोटी डॉलरवर गेली. जहाज २००८ ला मिळायचं, ते १६ नोव्हेंबर २०१३ ला विक्रमादित्य नावाने ताब्यात आलं.

किंमत आणि उशीर यावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. माझ्या दृष्टीने या करारातली खरी वजनदार गोष्ट ती १६ विमानं होती. गोर्शकोव्हवरून उडू शकेल असं आणि तेव्हा बाजारात मिळणारं विमान व्यवहारात एकच होतं. रशियन नौदलानेही तोपर्यंत ते घेतलेलं नव्हतं. भारत हा त्याचा पहिला गिऱ्हाईक. २०१० मध्ये आणखी २९ विमानांची मागणी नोंदवली गेली आणि आकडा ४५ वर गेला. कोचीन शिपयार्डमध्ये आकार घेत असलेलं देशी जहाजही साहजिकच याच विमानाभोवती बेतलं गेलं. सुरुवातीला त्याची कल्पना 'हवाई संरक्षण जहाज' अशा छोट्या नौकेची होती. ती वाढत वाढत ४०,००० टनांच्या पुढे गेली. २००५ मध्ये पोलाद कापायला सुरुवात झाली, २८ फेब्रुवारी २००९ ला तळकणा ठेवला गेला, १२ ऑगस्ट २०१३ ला जलावतरण झालं. यातल्या प्रत्येक टप्प्यावर डेकचा उतार, उतरणाऱ्या विमानाला थांबवणाऱ्या तारांची ताकद, हँगरची उंची, लिफ्टची रुंदी ही मापं पक्की होत गेली. एकदा पोलाद जोडलं की मापं बदलत नाहीत.

वाफ नाही, म्हणून चढ

विमानवाहू नौकेवरून विमान उडवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. अमेरिकन आणि फ्रेंच जहाजांवर कॅटापल्ट असतो, तो गलोलीसारखा विमानाला पुढे फेकतो. दुसऱ्या रीतीत डेकच्या टोकाला वर वळलेला चढ असतो, स्की-जंप. विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावतं आणि त्या चढावरून हवेत झेपावतं. उतरताना मात्र दोन्हीकडे तारच पकडायची. आपल्या दोन्ही नौका दुसऱ्या प्रकारच्या.

पारंपरिक कॅटापल्ट वाफेवर चालतो आणि विक्रांत गॅस टर्बाइनवर चालते. चार एलएम-२५०० टर्बाइन, एकूण ८८ मेगावॉट, वेग २८ नॉट. पण वाफ तयार करणारा मोठा बॉयलर नाही. मग स्की-जंप आलाच, आणि त्याच्याबरोबर त्याची किंमतही आली. गलोल नाही म्हणजे विमानाने स्वतःच्याच जोरावर उडायचं. त्यामुळे पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रं एकाच वेळी घेऊन निघणं अवघड. किती न्यायचं, हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर आणि जहाजाच्या वेगावर ठरतं. रडार पाठीवर घेऊन तासन् तास घिरट्या घालणारी टेहळणी विमानं तर अशा डेकवरून उडतच नाहीत. म्हणून आपल्या ताफ्याचे हवेतले डोळे म्हणजे कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर. ते काम करतं, पण हेलिकॉप्टर किती उंच आणि किती वेळ राहणार?

वाऱ्याचं हे राजकारण जुनं आहे. १९७१ मध्ये जुन्या विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला होता, तरी तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं गेलं आणि तिच्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. त्या जहाजाला वाफेचा कॅटापल्ट होता, पण बॉयलर कमी म्हणजे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे डेकवर समोरून येणारा वारा कमी. वारा पडला की पाणबुड्या शोधणारी जड अलिझे विमानं सोडणं जिकिरीचं व्हायचं. जहाजाच्या पोटातला बिघाड विमानाच्या पंखाला जाऊन भिडतो तो असा.

अडीच सेकंद

आता जरा जवळून पाहू, कारण पुढचा सगळा वाद या काही सेकंदांवर उभा आहे.

मिग-२९के डेकवर उभं आहे. चाकांपुढे डेकमधून वर आलेले अडथळे त्याला धरून ठेवतात. वैमानिक इंजिन पूर्ण जोरात नेतो, आफ्टरबर्नर पेटतो, विमान थरथरत असतं पण हलत नाही. मग अडथळे खाली जातात. विमान धावतं आणि सुमारे १४ अंशांच्या चढावरून बाहेर फेकलं जातं. चढ सोडताना त्याचा वेग अजून पुरेसा झालेला नसतो! नाक वर असल्यामुळे ते काही क्षण दगडासारखं वर जात राहतं आणि त्या उसन्या क्षणांतच इंजिन उरलेला वेग कमावतं. इंजिनाने त्या वेळी दगा दिला तर खाली फक्त समुद्र.

उतरताना उलटं. जमिनीवरच्या धावपट्टीवर वैमानिक शेवटच्या क्षणी नाक उचलून विमान हळुवार टेकवतो. इथे तसं करायचं नाही, कारण हळुवार टेकवलं तर नेमकी जागा चुकते. ठरलेल्या कोनाने सरळ डेकवर आपटायचं. विक्रांतवर तीन तारा आडव्या ताणलेल्या असतात. शेपटीखालच्या आकड्याने त्यातली एक पकडायची. ताशी सुमारे २४० किलोमीटर वेग अडीच सेकंदांत शून्यावर येतो, तोही नव्वदेक मीटरच्या आत. पट्टे आवळलेले नसतील तर माणूस पुढच्या काचेवर जाईल असा तो धक्का. आणि यातली सर्वांत विचित्र गोष्ट अशी की चाकं टेकताच वैमानिक इंजिन कमी करत नाही, पूर्ण जोरात नेतो. तार हुकली तर त्याच दमात पुन्हा उडता आलं पाहिजे.

हे रोज, पावसाळ्यात, रात्री, हलत्या डेकवर. त्यामुळे नौदलाच्या विमानाचा सांगाडा, चाकांचे पाय आणि इंजिनाचे जोड हवाई दलाच्या विमानापेक्षा वेगळ्याच जातीचे लागतात. 'हवाई दलाचंच विमान घ्या आणि आकडा बसवा' असं म्हणणारे लोक दरवर्षी भेटतात. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्यावा.

मिगची दुखणी

कॅगचा २०१६ चा अहवाल या विमानाबद्दल कठोर होता. एका आसनाच्या मिग-२९केची उड्डाणसज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचं त्यात नोंदवलं होतं. म्हणजे शंभरातली साठाहून जास्त विमानं कोणत्याही दिवशी उडण्याच्या स्थितीत नव्हती. आरडी-३३एमके इंजिनांपैकी ६५ मधली ४० इंजिनं रचनेतल्या दोषांमुळे सेवेतून काढून घ्यावी लागली होती. डेकवर आपटण्याचा ताण सोसताना निरनिराळे भाग बिघडत होते. नंतर परिस्थिती सुधारल्याचं नौदलाने सांगितलं, आणि ते मानायला हरकत नाही; सुटे भाग आणि देखभालीची घडी बसायला वेळ लागतोच. पण २०१८ पासून गोव्यात आणि गोव्याच्या समुद्रात या विमानांचे अपघात होत राहिले आणि नोव्हेंबर २०२० च्या अपघातात एका अनुभवी वैमानिकाचा जीव गेला.

तरीही मिगवर नुसती आगपाखड करणं मला पटत नाही. विक्रमादित्य आल्यापासून आपल्या वैमानिकांनी तार पकडण्याचं कसब शिकलं ते याच विमानावर. विक्रांतवर पहिल्यांदा रात्री उतरलं, २४ मे २०२३ ला, ते हेच विमान. त्याच वर्षी जूनमध्ये अरबी समुद्रात दोन्ही नौकांनी ३५ हून अधिक विमानांसह एकत्र सराव केला, तेव्हा लढाऊ विमानांची बाजू मिगनेच सांभाळली. एका विमानावर दोन जहाजं चालवणं ही कसरत होती, आणि ती केली गेली. प्रश्न इतकाच की ४५ मधून अपघात वजा करा, दुरुस्तीतली वजा करा, प्रशिक्षणाची वजा करा. उरलेल्यांची दोन डेकवर वाटणी करायची तर ताटात काय पडतं?

एलसीए नेव्ही: नापास, पण वाया नाही

देशी पर्याय होता. एलसीए नेव्हीचा पहिला नमुना २७ एप्रिल २०१२ ला उडाला. डेक नीट दिसावा म्हणून त्याचं नाक खाली झुकवलेलं, पंखांच्या मुळाशी हलणारे जादा पृष्ठभाग, आणि डेकवरचा आदळ सोसायला जाड, दणकट पाय. तिथेच घोडं पेंड खात होतं. सेकंदाला सुमारे सात मीटर वेगाने खाली येणारं विमान पेलायचं तर पाय आणि सांगाडा जड होणार, आणि एफ-४०४ या एकाच इंजिनाचा जोर तेवढाच राहणार. कॅटापल्ट असता तर त्याने ढकलून दिलं असतं. चढावरून मात्र इंधन आणि शस्त्रं यांपैकी काहीतरी खाली ठेवूनच निघावं लागलं असतं. डिसेंबर २०१६ मध्ये तत्कालीन नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांनी हे विमान नौकेवरच्या कामासाठी जड पडतं, असं जाहीरपणे सांगितलं.

तेव्हा नौदलावर टीका झाली: देशी माल नको, परदेशी हवा. मला तो निर्णय बरोबर वाटतो, आणि त्यानंतर जे घडलं ते त्याहून बरोबर. नकार दिल्यावरही प्रकल्प गुंडाळला गेला नाही. गोव्यात आयएनएस हंसाच्या तळावर, दाबोळीला, जमिनीवरच एक नकली डेक उभारलेला आहे, स्की-जंप आणि तारांसकट. १३ सप्टेंबर २०१९ ला तिथे एलसीए नेव्हीने पहिल्यांदा तार पकडली. ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विक्रमादित्यवर उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उडवलं. देशात बनलेलं विमान नौकेवर उतरवणाऱ्यांची जमात जगात फार छोटी आहे. त्या दिवशी आपण तिच्यात गेलो.

या प्रयोगांतून मिळालेली विद्या दोन इंजिनांच्या, घडी होणाऱ्या पंखांच्या पुढच्या देशी विमानात उतरायची आहे. त्याचं नाव टीईडीबीएफ, दोन एफ-४१४ इंजिनं, कमाल वजन सुमारे २६ टन अशी त्याची कल्पना. ते येईपर्यंत मधली वर्षं कोणी सांभाळायची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

गोव्यातली परीक्षा

जानेवारी २०१७ मध्ये नौदलाने ५७ विमानांसाठी जगभरातल्या उत्पादकांकडून माहिती मागवली. पुढे टीईडीबीएफची कल्पना मूळ धरू लागली, पैशाची ओढाताण दिसू लागली आणि आकडा २६ वर आला. शेवटी स्पर्धेत उरले दोन: फ्रान्सचं राफेल-एम आणि अमेरिकेचं एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट.

दोघांचीही मोठी अडचण सारखी होती. दोन्ही विमानं कॅटापल्टसाठी जन्मलेली. चढावरून झेप घेणं त्यांच्या रक्तात नाही. म्हणून ती दाबोळीच्या त्या नकली डेकवर आली: राफेल-एम जानेवारी २०२२ मध्ये, सुपर हॉर्नेट त्याच वर्षी मे-जूनमध्ये. दोघांनीही चढ पार केला. दाबोळीला नागरी विमानतळ आणि नौदलाचा तळ एकाच धावपट्टीवर असतात, त्यामुळे सुट्टी संपवून परतणाऱ्या प्रवाशाला खिडकीतून कधी कधी नौदलाचं लढाऊ विमान दिसून जातं.

चढ जमला. आता लिफ्ट.

विक्रांतवरची विमानं डेकखाली हँगरमध्ये ठेवतात आणि कडेच्या दोन लिफ्टमधून वर-खाली नेतात. त्यांची रुंदी सुमारे दहा मीटर, मिगला पुरेल अशी. मिगचे पंख उघडे असताना १२ मीटर पसरतात, पण मधून दुमडले की विमान जेमतेम आठ मीटरचं होतं. सुपर हॉर्नेटचे पंखही दुमडतात. राफेल-एमचे दुमडत नाहीत. ते हवाई दलाच्या राफेलचंच भावंड आहे. त्याचे पाय आणि आकडा वेगळे, पंख तेच. टोकाला क्षेपणास्त्रं धरून त्याची रुंदी १०.९ मीटर. दहा मीटरच्या लिफ्टवर १०.९ मीटरचं विमान. विमान तिरकं करून नेण्याचा आणि पंखांच्या टोकाचे भाग काढून नेण्याचा, असे दोन मार्ग तेव्हा चर्चेत होते.

वरवर क्षुल्लक वाटेल, पण नौकेवर हीच गोष्ट तासाचा हिशेब बदलते. हँगर कशासाठी? इंजिन बदलायचं, रडार उघडायचं, खाऱ्या वाऱ्यापासून आणि पावसापासून विमान जपायचं, ते सगळं तिथे. विमान खाली नेणं सोपं असेल तर दिवसात अनेकदा नेता येतं. प्रत्येक वेळी काहीतरी काढायचं, बसवायचं, तपासायचं असेल तर माणसं आपोआप टाळाटाळ करतात आणि विमान वरच भिजत राहतं. डेकवर उभं असलेलं प्रत्येक विमान उतरणाऱ्या विमानाची जागाही खातं.

मग तरी राफेल का? कारण निवड एकाच मापाने ठरत नाही. हवाई दलाकडे ३६ राफेल आधीपासून होती. त्यांचे सुटे भाग, शस्त्रं, प्रशिक्षित तंत्रज्ञ, वैमानिकांचे सिम्युलेटर यांचं जाळं देशात तयार झालेलं होतं. मिगबरोबरचा सगळा अनुभव सांगत होता की विमान मोडतं ते लढाईत नाही, सुट्या भागाच्या रांगेत मोडतं. सुपर हॉर्नेटच्या बाजूनेही एक दमदार मुद्दा होता: त्याचं एफ-४१४ इंजिन आपल्या पुढच्या देशी विमानांतही बसायचं आहे. पण त्या जातीचं एकही विमान देशात नव्हतं, म्हणजे सगळी घडी शून्यापासून. मला राफेलची निवड योग्य वाटते. ती निवड करताना लिफ्टचा मुद्दा गिळावा लागला, हेही तितकंच खरं.

बिल

१३ जुलै २०२३ ला संरक्षण खरेदी परिषदेने २६ राफेल-एमना तत्त्वतः मान्यता दिली. २८ एप्रिल २०२५ ला दोन सरकारांमधला करार झाला: २२ एका आसनाची, ४ दोन आसनांची, सुमारे ६३,००० कोटी रुपये. विमानं २०३० पर्यंत सगळी यायची आहेत.

जहाज सुमारे २०,००० कोटींचं आणि २६ विमानं ६३,००० कोटींची. तुलना काटेकोर नाही. विमानांच्या रकमेत शस्त्रं, सिम्युलेटर, प्रशिक्षण आणि देखभाल आहे, आणि दोन्ही रकमा वेगवेगळ्या वर्षांतल्या रुपयांच्या. तरीही आठ विमानांच्या पैशात एक विक्रांत, हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवावं. जहाजाच्या पोलादात, आराखड्यात आणि मजुरीत आपण ७६ टक्के स्वदेशीचा आकडा गाठला. पैशाचा मोठा वाटा मात्र विमानात असतो.

या गोंधळात हेलिकॉप्टरची बाजू गुपचूप मार्गी लागली, आणि तिच्याबद्दल बातम्या कमी आल्या कारण तिथे भांडण नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये २४ एमएच-६०आर हेलिकॉप्टरचा करार झाला, ६ मार्च २०२४ ला कोचीच्या आयएनएस गरुडवर त्यांची पहिली तुकडी, ३३४ वी, रुजू झाली. पाणबुडी शोधण्याचं काम जुन्या सी किंगकडून त्यांच्याकडे जात आहे. फरक काय? हेलिकॉप्टरला चढ लागत नाही, तार लागत नाही, आणि लिफ्टमध्ये ते दुमडून मावतं.

२०२५ पासून २०३० पर्यंतची वर्षं विक्रांतला मिगवरच काढायची आहेत, त्यातली शेवटची काही दोन जातींची विमानं एकाच जहाजावर नांदवत. दोन प्रकारचे सुटे भाग, दोन प्रकारची अवजारं, दोन भाषांमधली हस्तपुस्तिका, एकच हँगर. डेकवर पिवळे, हिरवे, लाल जॅकेट घालून धावणाऱ्या मुलांना हे दोन्ही पाठ करावं लागणार.

आणि एक तपशील, ज्याकडे करार झाला त्या दिवशी फार कमी जणांचं लक्ष गेलं. मिगची दोन आसनांची आवृत्ती नौकेवर उतरू शकते. नव्या वैमानिकाच्या मागे प्रशिक्षक बसून त्याचा हात धरू शकतो. राफेलची दोन आसनांची आवृत्ती नौकेसाठी बनलेलीच नाही. ती चार विमानं जमिनीवरूनच उडणार. म्हणजे राफेलवर शिकणारा तरुण वैमानिक दाबोळीच्या नकली डेकवर, सिम्युलेटरवर, हवी तितकी तालीम करेल. पण खऱ्या, हलत्या डेकवर राफेल घेऊन तो पहिल्यांदा येईल तेव्हा मागच्या आसनावर कोणी नसेल, कारण मागे आसनच नसेल. कानात डेकवरच्या अधिकाऱ्याचा आवाज, समोर दिव्यांची रांग, आणि तीन तारा.